त्यांनी मागितलंय का?

बाईंची आणि माझी पहिली भेट झाली, तेव्हा मी त्यांचा हार त्यांच्या ड्रायव्हरच्या गळ्यात घातला. नाशिक रोडला आमच्या कॉलनीत लोककलांचा कार्यक्रम होता आणि स्वागत माझ्याकडे. गाडीतून खादीचा झब्बा उतरला, मी झेपावलो. मागून खांद्यावर सतरंजीची गुंडाळी घेऊन उतरलेल्या बाईंना "सामान तिकडे ठेवा" असंही सांगून टाकलं. त्यांनी ठेवलं. मग हसून म्हणाल्या, "हार योग्य माणसालाच घातलात. संस्था तोच चालवतो, मी नुसती बोलते."

झालं! त्या दिवसापासून मी बाईंचा माणूस. सुट्टी म्हणू नका, सणवार म्हणू नका, त्यांच्या मागे सतरंज्या उचलत हिंडलो. बायको म्हणायची, "घरची चादर कधी झटकली नाहीत ती!"

बाईंनी कॉलेजातली नोकरी सोडून कलावंतांसाठी संस्था काढली होती. म्हाताऱ्या कलावंतांचं मानधन अडलं की त्या मंत्रालयात जाऊन ठाण मांडत. एकदा एक साहेब मोठ्या मनानं म्हणाले, "आपण आदिवासी कलांना भव्य मंच देऊ." बाईंनी शांतपणे विचारलं, "त्यांनी मागितलाय का?" साहेबांचा चहा तसाच राहिला. हा प्रश्न त्या जिथं तिथं विचारत. मलाही सवय लागली. आमटीत गूळ घालणाऱ्या बायकोला एकदा "मी मागितलाय का?" म्हणालो, त्या दिवशी मागूनही काही मिळालं नाही.

पेठकडच्या एका पाड्यावर बोहाडा होतो. देवादिकांचे मुखवटे, म्हणजे सोंगं, लावून गाव नाचतं. देवीचं सोंग सोमाबाबांच्या घराण्याकडे. बाईंना त्याचं चित्रीकरण करायचं होतं, पण सोमाबाबा ऐकेनात.

"आई आमची वेशीबाहेर जात नाय. तुमच्या कॅमेऱ्यात बसून गेली म्हंजे?"

बाई त्यांच्या ओट्यावर मांडी घालून म्हणाल्या, "बाबा, नुसती नोंद म्हणून संस्थेच्या कपाटात राहील. बाहेर कुठं नाचणार नाही. माझा शब्द."

सोमाबाबांनी माझ्याकडे पाहिलं. "भाऊ, हिचा शब्द कसा हाय?"

"माझ्यापेक्षा पक्का," मी म्हणालो. आम्ही चित्रीकरण केलं.

पुढे बाई सरकारच्या सांस्कृतिक धोरणाच्या समितीवर गेल्या. मी कॉलनीभर पेढे वाटले. म्हटलं, आता तो प्रश्न आत बसून विचारला जाईल. समितीच्या पहिल्याच महोत्सवाला सहकुटुंब गेलो. गंगेवर, म्हणजे आमच्या गोदावरीच्या काठी, मोठा मंडप. पडदा उघडला आणि निळ्या दिव्यांत सोमाबाबांची देवी उभी! एक नाही, फायबरचे मुखवटे लावलेल्या एकसारख्या देव्यांची ओळच. कॉलेजच्या मुली आमच्याच चित्रीकरणावरून पावलं शिकून नाचत होत्या. पहिल्या रांगेतल्या सोफ्यावर बाई टाळ्या वाजवत होत्या.

कार्यक्रम संपल्यावर मी त्यांना गाठलं. "बाई, त्यांनी मागितलं होतं का?"

"अहो, लहान मुलासारखं काय बोलता? बोहाडा धोरणात आला! उद्या पाड्यावर रस्ता येईल, अनुदान येईल. कपाटात ठेवून कुणाचं भलं झालं?"

"पण शब्द दिला होता..."

"मूळ मुखवटा गावातच आहे की. शब्द कुठं मोडला?" त्यांनी माझ्या खांद्यावर थोपटलं. "बरं झालं भेटलात. जाताना सतरंज्या तेवढ्या बघा."

मी बघितल्या. इतक्या वर्षांची सवय हो! मोजून गाडीतही टाकल्या.

दोन दिवसांनी सोमाबाबांचा फोन आला. सुनेच्या मोबाइलवर त्यांनी सगळं पाहिलं होतं. शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं. "भाऊ, आई पाहिली. लय उजेडात व्हती. यंदा आम्ही सोंग काढत नाय. तिकडं नाचून आली ती, आता घरात काय नाचवू?" आणि फोन ठेवताना म्हणाले, "बाई बरी हाय ना तुमची?"

बरी आहे म्हणालो. संस्थेत त्यानंतर गेलो नाही. बाईंना लबाड म्हणून मोकळं व्हावं, तर तेही जमत नाही. त्यांनी शिकवलेलं खोटं असतं तर टाकून देता आलं असतं. ते खरं होतं, आणि त्यांनीच ते सोडून दिलं.

फोनचं सगळं मी जेवताना बायकोला सांगितलं. माझा घास हातातच होता. तिनं मला वरण वाढलं आणि म्हणाली, "बाई काही तिकडे जायच्या नाहीत. रविवारी पेठच्या एस.टी.नं आपण जाऊ. मी येते. एकट्यानं तुमच्याच्यानं त्या म्हाताऱ्याच्या तोंडाकडे बघवणार नाही."