तानाबाईच्या झोक्यातला उकंडा

मारेगावकडच्या त्या वस्तीत तानाबाई स्वतः कधी झोपते हे कुणी पाहिलं नव्हतं, पण दुसऱ्याची पोरं झोपवण्यात तिचा हात धरणारी बाई शोधून सापडली नसती. गुडघे गेलेले, वेचणीला वाकता येईना. म्हणून कापसाच्या दिवसांत ती पुंडलिकराव पाटलाच्या शेताच्या बांधावर, धुऱ्यावर, बाभळीखाली बसायची. फांद्यांना जुन्या लुगड्यांचे झोके, झोक्यांत वेचणारणींची पोरं, आणि मधे तानाबाई, एकेका झोक्याची दोरी हातापायांच्या बोटांत अडकवून. वस्तीनं धम्म घेतला तसे तिनं अंगाईतले देव काढून टाकले. मग गाण्यात बाबासाहेब आणि बोका एवढेच उरले. पोरांची काही तक्रार नव्हती.

बाया चिडवायच्या, "बुढे, तुह्या गाण्यानं तुहा बुढा असा झोपला का उठलाच नाही!"

"झोपला तं झोपला," ती म्हणायची. "तुमचे रातभर जागेच राह्यतेत, म्हनून दरसाली माह्या झाडाले नवा झोका."

या बाईला हार गेलं नाही ते एकच पोरगं, भीमराजच्या नलूचं. आधीची दोन दगावली, म्हणून याचं नाव आजीनं उकंडा ठेवलेलं. मरणाला वाटावं, कचराच आहे, कायले उचला! पण गडी डोळा लागला न लागला की किंचाळून उठायचा. नलू कापसाची ओटी सावरत पळत यायची, पाजायची, परत जायची. एका संध्याकाळी पुंडलिकरावानं चारचौघींत सुनावलं, "पोरगं सांभाळाचं असन तं घरी बस. उद्या रडलं, का परवापासून येऊ नोको."

आता, हट्टी पोराला काय करतात हे वस्तीत शेंबड्यालाही ठाऊक होतं. तानाबाईच्या पदराच्या गाठीत अफू असायची. मोहरीपेक्षा कमी, पाण्यात उगाळून, बोटानं चाटवायची. ती देणार म्हणून आयांनी घरून द्यायची नाही, ही रीत. नलूनं मात्र पहिल्याच दिवशी बजावलं होतं, "मावशे, माह्या पोराले ते नोको." तानाबाईनं ते पाळलंही होतं.

दुसऱ्या दिवशी उकंडा झोक्यात पडल्या पडल्या रडायला लागला. तिकडून पुंडलिकराव येताना दिसला. नलूची वेचणी जाते, हे म्हातारीला कळलं. तिनं नलूकडे पाठ केली आणि बोट चाटवलं.

उकंडा झोपला. उन्हं वर आली तरी झोपलेलाच. नलूची ओटी भरली, पुन्हा भरली. बाया म्हणाल्या, "पाटलाले भेला वाट्टे पोरगा!" तानाबाई दोरी ओढत गालातल्या गालात हसली.

भाकरीच्या वेळी नलू पाजायला आली. अंगावरचं दूध चोळीतून गळत होतं. पोरगं तोंडच उघडेना. ओठ निळसर.

"मावशे," नलू पुटपुटली, "याले येतानी म्या दिल्ती. थोडुशी. हा पाटील काढून टाकन म्हनून..."

तानाबाईच्या बोटांतली दोरी सुटली. "म्या बी देल्ली, माय."

तळपाय चोळले, नाकाशी कांदा धरला, पाणी मारलं. पुंडलिकरावानं स्वतः बैल जुंपले. पण गाडी मारेगावला पोचायच्या आधीच नलूच्या मांडीवर उकंडा थंड झाला.

वस्तीनं ठरवलं, तानाबाईनं मारला. भीमराज तिच्या दारात येऊन अद्वातद्वा बोलून गेला. नलू नवऱ्यामागे उभी होती, बोलली नाही. तानाबाईही बोलली नाही.

तरी पुढच्या वेचणीला झोके बांधले गेलेच. पोरं ठेवणार कुठं? पण म्हातारी आता कुणाला झोपूच देईना. डोळा लागला की नाकाखाली बोट धरायची, आणि श्वास मंद वाटला की चिमटा. सगळा धुरा रडायला लागला. पुंडलिकरावानं तिला घरी बसवलं.

नलूला मग मुलगी झाली, जया. नलू सैपाकाला लागताना तिला तानाबाईच्या मांडीवर आणून द्यायची. बाया म्हणायच्या, "या नलूचं डोकं फिरलं." पोरगी निजली की म्हातारी तळपायाला चिमटा काढायची, पोरगी भोकाड पसरायची. नलू हात पुसत यायची, पाजायची, आणि पुन्हा तिच्याच मांडीवर ठेवून चुलीकडे जायची.