गोंडेवालीचा ब्लाउज

कातर माझ्या हातात होती. टेबलावर शालूचा ब्लाउजपीस पसरलेला, त्यावर खडूनं मागच्या गळ्याची खूण केलेली. तेवढ्यात खोडदच्या मंदाताई दुकानात शिरल्या, टेबलाकडं एकदा बघितलं आणि म्हणाल्या, "आक्का, कातर खाली ठेवा."

मी ठेवली. गिऱ्हाईकाचा असा आवाज आला की आधी कातर खाली ठेवायची, का ते मग विचारता येतं.

मंदाताई म्हणजे नवऱ्या मुलाची आई. नवरी येडगावची प्रतीक्षा, दूध डेअरीत कॉम्प्युटरवर बसते. लग्न तोंडावर आलेलं. आमच्याकडं शालू मुलाकडचे घेतात आणि ब्लाउज नवरी आपल्या मापानं शिवून घेते. म्हणजे कापड सासूचं, अंग सुनेचं, आणि शिवणारी बाई दोघींच्या मधे. शिवाय शालूचा ब्लाउजपीस शालूलाच लागून येतो, तसला दुसरा तुकडा बाजारात मिळत नाही. खोल गळा एकदा कापला की तो परत वर आणता येत नाही.

आता हा गळा कुठून आला ते सांगते. जुन्नरच्या बाजारात माझं टेलरिंगचं दुकान आहे. मी क्लास वगैरे काही केला नाही, जुने ब्लाउज उसवून उसवून शिकले. मशीनसमोर भिंतीवर टीव्ही आहे. संध्याकाळी एक मालिका लागते, तेव्हा मापं द्यायला आलेल्या बायासुद्धा हात वर करून तशाच उभ्या राहतात. पात्रांची नावं आम्ही घेत नाही, कपड्यांवरून ओळखतो. नायिका ती सुतीवाली. कायम विटकी सुती साडी, कोपरापर्यंत बाही, बंद गळा. दाराआड उभं राहून ऐकायचं आणि रडायचं, एवढंच तिला काम. खलनायिका ती गोंडेवाली. पाठ उघडी, वर नाडी, नाडीला हे एवढे गोंडे. ती खोलीत आली की आधी गोंडे हलतात, मग ती बोलते. आणि काय बोलते राव, ऐकत राहावं.

माझं मत कुणी विचारत नाही, पण मी सांगते. लिहिणाऱ्यानं सुतीवालीवर अन्याय केलाय. तिच्यावर दागिन्यांच्या चोरीचा आळ आला तेव्हा "कपाट उघडून बघा" एवढं ती म्हणाली असती तरी मिटलं असतं. पण मिटलं तर मालिका चालणार कशी, म्हणून तिला बोलूच देत नाहीत. तिचं गप्प राहणं हा तिचा स्वभाव नाही, ती लेखकाची सोय आहे. चांगली वाक्यं सगळी गोंडेवालीला. फिटिंगसुद्धा तिचंच चांगलं. तो ब्लाउज ज्यानं शिवला त्याला मला एकदा भेटायचंय.

तर प्रतीक्षा मोबाइलवर तिचाच फोटो घेऊन आली होती. "मावशी, मला गोंडेवालीचा गळा पाहिजे."

"अगं, ती वाईट बाई आहे ना?"

"असू दे. तोंडावर बोलते तरी."

मला पटलं. मी माप घेतलं. पोरीनं हौसेनं तो फोटो नवऱ्या मुलाला पाठवला, त्यानं हौसेनं आईला दाखवला, आणि आई पहिल्या एसटीनं माझ्या दुकानात.

"ह्यो त्या गोंडेवालीचा गळा हाये ना?" मंदाताईंनी खडूच्या रेघेवर बोट ठेवलं.

"हो."

"आक्का, ती बाई सासूच्या दुधात गोळ्या टाकती. आन माझी सून तिचा ब्लाउज घालून मांडवात हुबी ऱ्हानार? तुमी बंद गळा करा. तिला सांगा, नाडीला कापड कमी पडलं."

कापड भरपूर होतं. आता मी काही सत्याचा पुतळा नाही. ब्लाउजला हातसुद्धा लावलेला नसताना "फक्त हुक राहिलेत" हे मी रोज म्हणते. पण हे खोटं त्या पोरीच्या पाठीवर जाऊन बसलं असतं, तेही लग्नात. मी म्हटलं, "बसा. मालिका रोज बघता?"

"एक दिस चुकत न्हाई."

"कुणासाठी बघता? खरं सांगा."

त्या खुर्चीत टेकल्या. मग हसू दाबत म्हणाल्या, "सुतीवाली आली का मी भाकरी थापाया उठते. गोंडेवाली आली का तव्यावरची करपती."

आम्ही दोघी हसत होतो आणि दारात प्रतीक्षा उभी. हळदीच्या ब्लाउजच्या ट्रायलला आली होती. तिनं सासू बघितली, टेबल बघितलं, खाली ठेवलेली कातर बघितली.

"आई, तुमी थांबवलं का?"

"थांबवलं. मला सुतीवालीसारखी सून पायजे. समदं सोसती बिचारी."

"ती सोसत नाही. दाराआडून ऐकते आणि मनात धरते. गोळ्यांचं वेळेत बोलली असती तर तिची सासू दवाखान्यात गेली असती का? सांगा बरं."

"ते लिवनाऱ्यानं तसं लिवलंय."

"मग तसली सून कशाला मागता?"

मी मधे पडणार होते. मालिकेचं भांडण आहे, चहा मागवू म्हटलं. पण पोरीचा आवाज बदलला.

"मी पण दाराआडूनच ऐकलंय. लग्न झालं की मला डेअरी सोडायची आहे म्हणे. कळल्यापासून झोप नाही. सगळी म्हणतात, आत्ता काही बोलू नको. पण आज बोलले नाही तर पुढं पण बोलणार नाही मी. म्हणून तुमच्या तोंडावर विचारते. सोडायची का नोकरी?"

तेव्हा मला कळलं की पोरीला गोंडेवालीचाच गळा का पाहिजे होता.

मंदाताई उठून उभ्या राहिल्या. "कोन म्हनलं?"

"तुमच्या जाऊबाई."

"तिला काय कळतंय? गोळ्या टाकायच्या तेवढ्या ऱ्हायल्यात तिच्या." आणि मग अगदी साध्या आवाजात, "डेअरी सोडून काय करशील? माझ्यासंगं टमाट्याच्या सुतळ्या बांधशील? जा की कामाला. मला इचारलं आस्तंस तर तवाच सांगितलं आस्तं."

झालं. मिटलं. टीव्हीवर ह्याच गोष्टीला गणपती ते होळी लागली असती, आणि मधे एकाची स्मृती गेली असती. माझ्या दुकानात चहा यायच्या आत मिटलं. मला इतका आनंद झाला की मी कातर उचललीच.

"आक्का, बेतानं," मंदाताई म्हणाल्या. "आमच्या घरात मेंढरं व्हती. लोकर कातरली तर परत येती. कापड न्हाई येत."

बेतानंच कापलं. फोटोपेक्षा गळा जरा वर ठेवला, ट्रायलला प्रतीक्षाला आरशात दाखवलं, मग तिच्या मनासारखा उतरवला. दोन्ही बगलेत मार्जिन सोडलं. मार्जिन म्हणजे शिवणीच्या आत मुडपलेलं जादा कापड. बाहेरून दिसत नाही, पण पुढं अंग भरलं की तेवढं उसवून ब्लाउज सैल करता येतो. गोंडे मंदाताईंनी स्वतः निवडले. माझ्याकडचे सगळ्यात मोठे.

लग्नाला मी गेले. अक्षता पडल्या, फोटोवाला फोटो काढत होता, तेवढ्यात मंदाताई सुनेच्या मागं गेल्या आणि तिचा पदर सरळ बाजूला केला. म्हणाल्या, "गोंडे दिसत न्हाईत."

नंतर एकदा खोडदहून फोन आला. स्पीकरवर सासू-सून दोघी, दोघींचा आवाज चढलेला.

"आक्का, बघितलं का? वाटोळं केलं त्यानं गोंडेवालीचं."

मी बघितलं होतं. लेखकाला काय झालं कोण जाणे, गोंडेवाली जिन्यावरून पडली आणि उठली ती एकदम चांगली होऊन. विटकी साडी, बंद गळा, सगळ्यांची माफी. माणसानं सुधारू नये असं माझं म्हणणं नाही. पण ब्लाउज पुढं सैल करायचा असेल तर मार्जिन कापतानाच सोडावं लागतं. ह्या बाईला चांगली करायची होती, तर आधी कधीतरी, कुणी बघत नसताना, तिनं एखाद्या लेकराच्या अंगावर पांघरूण घातलेलं दाखवायचं. तेवढं कापड आत ठेवलं असतं तर पुढं पुरलं असतं. नुसतं ओढलं की उसवतं.

दोघींना मी हे सांगितलं. मग प्रतीक्षानं विचारलं, "पण मावशी, तिचा नवा ब्लाउज कसा वाटला?"

मी तोही नीट बघितला होता. खांद्याला चुणी येत होती.