चिंचोका आणि घागर

लातूर नुकताच जिल्हा झाला होता. पाट्या बदलल्या, साहेब वाढले, पाणी मात्र टँकर येईल तेव्हाच. त्या दुष्काळात मी जळकोटकडच्या एका खेड्यात नर्स होते आणि बायकांना स्वतःची छाती तपासायला शिकवत होते. जुन्या झंपरात कापूस भरून आत एक चिंचोका लपवला होता. बोटांच्या सपाट भागानं गोल गोल दाबत तो शोधायचा.

बायका तोंडाला पदर लावून हसायच्या. एका म्हातारीनं तर झंपर उचलून रस्त्यावर भिरकावला. "लाज हाय का न्हाई? आमच्या सुना बिघडवाया आलीस व्हय?" आम्ही बौद्ध, हे तिला पहिल्याच दिवशी कळलं होतं. तेव्हापासून मी तिची पायरी चढलेली तिला खपत नसे. मलाही तिचं तोंड बघवत नसे.

पुढं टँकरच्या रांगेत तिच्याच सुनेनं माझ्या तळहातावर गुपचूप एक चिंचोका ठेवला. "एवढी हाय, बाई. डाव्या अंगाला."

खोलीवर नेऊन तपासलं. गाठ कडक होती, जागची हलत नव्हती. लातूरच्या मोठ्या दवाखान्यात लगेच दाखवायला हवं होतं. तिचा भाऊ न्यायला तयार झाला, पण म्हातारी रांगेतच माझ्यावर तुटून पडली.

"दूध गोठलंय तिचं. हळद-चुना लावला की जातंय. ही गेल्यावर पाणी कोन भरंल? तुझा बाप?"

माझं डोकं सणकलं. "मी भरते," म्हणाले.

सगळ्या रांगेनं ऐकलं. म्हातारीला दुसरं कारण काढता येईना.

सकाळी सून भावाबरोबर स्टँडकडं गेली आणि मी तिची घागर घेऊन रांगेत उभी राहिले. पुढच्या बाईनं पदर आवरून घेतला. मागची चांगली दोन हात मागं सरकली. मी भरलेली घागर म्हातारीच्या पायरीशी नेऊन ठेवली. तेवढ्यात एसटी धूळ उडवत गावाबाहेर पडली.

म्हातारीनं काठीनं घागर कलंडवली. "तुझ्या हातचं पाणी पिऊ व्हय मी?"

तसल्या दुष्काळात पाणी मातीत जिरत गेलं. तीच घागर तिच्या डोक्यात घालावी असं वाटलं मला.

"गाडी गेली, मावशी," म्हणाले. "आता कितीबी सांडा."

रिकामी घागर उचलली आणि पुन्हा रांगेच्या शेवटी जाऊन उभी राहिले.