दहावा वाटा

शंकरमामा बोकड बघायला गेले की आधी बोकडाला भेटायचे, मालकाला नंतर. पाठीवरून हात फिरवायचा, कण्याच्या दोन्ही बाजू अंगठ्याने दाबायच्या, ओठ वर करून दात बघायचे आणि मगच, "काय मालक, बरं हाय का?" तो बिचारा तोवर ताटकळलेला. एकदा मी म्हणालो, "मामा, आधी माणसाशी बोलावं." तर म्हणतात कसे, "गुरुजी, मालक आधी बोलला की बकरं आपोआप जाड दिसायला लागतंय."

बिदरच्या आमच्या कॉलनीत मामांची न् आमची भिंत एकच. वीजखात्यात लाइनमन होते. खांबावर चढून चढून पाय बाकदार झालेले. दुकानातून किलोकिलोने मटण आणणं म्हणजे त्यांच्या मते निव्वळ गाढवपणा. "कवा कापलंय, कशाचं कापलंय, कुणाला ठाव?" म्हणून दर दोन-तीन महिन्यांनी ते गल्लीतली दहा घरं गोळा करायचे, जनवाड्याकडच्या एका शेतावर अख्खा बोकड ठरवायचे, तिथंच खाटकाला बोलावून कापून घ्यायचे आणि आंब्याखाली ताडपत्रीवर दहा वाटे घालायचे. वाटा म्हणजे नुसता ढीग नव्हे. मांडी, बरगडी, मान, नळी, सगळ्यातलं थोडं थोडं प्रत्येक वाट्यात आलंच पाहिजे. आणि कलेजी दोन-दोन तुकडे, मोजून.

आता या भानगडीत माझं काय काम? आम्ही लिंगायत. आमच्या घरात अंडं फक्त मुलांच्या पुस्तकातल्या चित्रात दिसलेलं. पण वाटे घालून झाले की कुणाला कुठला, हे ठरवायला एक जण पाठ करून उभा राहतो. दुसरा एकेका वाट्यावर बोट ठेवून विचारतो, "ह्यो कुणाचा?" पाठमोऱ्याने न बघता एकेक नाव घ्यायचं. हे काम मामांनी माझ्या गळ्यात मारलं. "तुमाला वाटा नगं, म्हंजी तुमाला लोभ न्हाई. तुमच्यापरीस चांगला जज्ज कुठं मिळंल?" झालं! मी नाकाला रुमाल लावून बांधाकडे तोंड करून न्याय द्यायचो, आणि घरी परतलो की बायको पाण्याची बादली घेऊन दारातच उभी. मामांचं नाव मात्र मी नेहमी शेवटी घ्यायचं, हा त्यांचाच नियम. वाटे घालणाऱ्याला शेवटचा मिळाला की त्याचा हात सरळ राहतो म्हणे.

एकदा चेष्टेत मी म्हणालो, "मामा, दोन तुकडे इकडचे तिकडे झाले तर काय आभाळ कोसळतंय?" मामा हसले नाहीत. "गुरुजी, आमच्या गावात माझ्या बापाला वाटा नव्हता. समद्यांचं झाल्यावर उरलेलं मिळायचं, तेबी लांबून. शेवटचा वाटा घेणं येगळं, उरलेलं घेणं येगळं. मी उरलेलं खात न्हाई." आणि लगेच खाटकाकडे वळून ओरडले, "आरं, नळ्या कामून आख्ख्या ठेवायलास? फोड की!"

मग समोरच्या घरात एक ठेकेदार राहायला आले. त्यांनी शेतावर इलेक्ट्रॉनिक काटाच आणला. "अंदाजपंचे कारभार कशाला? तोलून वाटा." मामांनी निमूट हात धुतले. ठेकेदारांनी ग्रॅमला ग्रॅम जुळवलं, मी नावं घेतली, आणि त्यांच्याच वाट्याला आल्या सगळ्या नळ्या न् मान!

"हे काय? नुसती हाडकं!"

"वजन बरुबर हाय की अण्णा," मामा म्हणाले. "काट्याला दात न्हाईत, त्याला काय कळतंय?"

लोक हसून हसून बेजार. मामांनीच सगळं परत एक करून नव्याने वाटे घातले. पण ठेकेदारांच्या ते मनात राहिलं. एकदा चूक सापडू द्या, मग ज्याने त्याने दुकान गाठायचं, असं ते येता-जाता बोलायचे.

गेल्या हिवाळ्यात मामांना लकवा मारला. उजवा हात गेला. तीन महिने बोकड आला नाही आणि ठेकेदारांच्या बाजूने आणखी तीन घरं माना डोलवू लागली. मामा धास्तावले. "हात गेला तर जाऊ द्या गुरुजी. पर धा घरं फुटली, तर पुन्यांदा एका ताडपत्रीवर यायची न्हाईत." मग माझ्याकडे बघून म्हणाले, "वाटे तुमी घाला."

"मी? अहो मामा, मला मान कुठली न् मांडी कुठली तेही कळत नाही!"

"मी सांगतो की. हात तेवढा तुमचा."

काय सांगू तुम्हाला! शर्टाच्या आत गळ्यात असलेलं इष्टलिंग मुठीत धरून क्षणभर डोळे मिटले आणि हात घातला. मामा खुर्चीतून काठीने दाखवत होते, मी उचलून ठेवत होतो. नऊ घरांची माणसं टक लावून बघत होती. शेवटी कलेजी राहिली, तेव्हा मामांनी खुर्ची बांधाकडे फिरवायला लावली. या खेपेला नावं तेच घेणार होते. "दोन-दोन टाका, मोजून," पाठमोरेच म्हणाले. मी घामाघूम होऊन टाकली. ठेकेदारांनी आपला वाटा उलटापालटा करून पाहिला आणि "ठीक हाय" म्हणाले. मामांनी स्वतःचं नाव सगळ्यांत शेवटी घेतलं. मंडळी टिकली. पुढचा बोकड तिथंच ठरला.

मामा उन्हाळ्यात गेले. पुण्यानुमोदनाच्या दिवशी जेवणं उरकल्यावर मामी माझ्याजवळ येऊन बसल्या. "गुरुजी, तुमी वाटे घातलाव त्या दिशी आमच्या डब्यात कलेजी नव्हतीच. येक तुकडाबी न्हाई. मी तरातरा तुमच्या दाराकडं निघाले, तर ह्यांनी डाव्या हातानं पदर धरला माझा. म्हणले, गप बस. आता बोललीस तर समदी फुटतील."

म्हणजे मी एका वाट्यात दोनदा टाकली होती. ज्यांच्याकडे चार तुकडे गेले, त्या घराने अजून तोंड उघडलेलं नाही. ते जाऊ द्या. मला भर मांडवात रडू आलं. कारण मी वाटे घातले त्याच्या दुसऱ्याच दिवशी सकाळी मामा काठी टेकत भिंतीपाशी आले होते आणि अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल असं ओरडले होते, "गुरुजी, वाटे येक नंबर! कलेजी तर लोण्यावानी व्हती!"