कुंभारकाकूंची सवलत

सभेत पहिला हात कुंभारकाकूंचाच वर गेला होता. डोंगराचं रान उघडंबोडकं झालं होतं, झरा आटत चालला होता. वनसमितीचा अध्यक्ष गावचा सुतार. शाळेच्या व्हरांड्यात उभा राहून तो म्हणाला, "वरचा उतार पाच वर्षं बंद. कुऱ्हाड नाही, गुरं नाहीत. खाली पडलेलं वाळकं तेवढंच उचलायचं. कबूल?" काकूंच्या मागोमाग हळूहळू बाकीच्यांचे हात वर झाले.

घरी आल्यावर नवऱ्याने विचारलं, "आणि आपली भट्टी काय वाऱ्यावर पेटवायची?"

हे काकूंच्या डोक्यातच आलं नव्हतं.

मग गोवऱ्या आणि भुशावर भागवायला सुरुवात झाली. आच एकसारखी लागेना. भट्टी उघडली की निम्मी मडकी कच्ची, बाकीच्यांना तडे. नवरा एकेक मडकं बोटाने वाजवून बघायचा, आणि आवाज बद्द आला की मुकाट्याने बाजूला ठेवायचा. तो ओरडला असता तर बरं, असं काकूंना वाटायचं. शेवटी त्यांनी समितीकडे सवलत मागितली. भट्टी लावणारं घर गावात एकच, म्हणून दर भट्टीला झुडपांच्या चार मोळ्या तोडायची परवानगी मिळाली.

मडकी पुन्हा खणखणीत निघू लागली. पण काकू झऱ्यावर गेल्या की बायकांचं बोलणं अर्ध्यात थांबायचं.

एके दिवशी पहाऱ्यावरच्या बायकांनी काकूंच्या धाकट्या जावेला ओल्या फांद्यांसकट पकडलं. कुऱ्हाड जप्त झाली. ती तडक काकूंच्या अंगणात आली.

"जाऊबाई, तुमची ती मोळी आणि माझी ती चोरी होय?"

"अगं, सभेत मागायचं होतंस."

"काय म्हणून मागू? माझ्याकडे विकायला मडकी नाहीत. नुसती चूल आहे. वाळकं काही उरलंय का त्या रानात? पोरांना काय कच्चं खाऊ घालू?"

काकूंना त्या रात्री जेवण गेलं नाही. पुढच्या सभेत त्या उभ्या राहिल्या. "चुलीलाही थोडं तोडू द्या, नाहीतर माझी सवलत काढा."

सुतार अवघडला. "काकू, चुली घरोघरी आहेत. सगळ्यांना दिलं तर बंदी कसली?"

"मग मलाही नको."

कुणीतरी नको म्हणेल, अडवेल असं त्यांना वाटलं. कुणीच अडवलं नाही. नवरा उठून बाहेर गेला.

भट्टी थंड पडली. नवरा आता शहरात बांधकामावर विटा वाहतो, आठवड्याने घरी येतो आणि पाठ धरून झोपतो. उतारावर कमरेएवढी रोपं उभी आहेत. झऱ्याची धार थोडी वाढली, म्हणून लोक काकूंचं तोंडभरून कौतुक करतात. ते ऐकलं की त्या कामाचं निमित्त काढून उठतात.

जावेची आणि त्यांची पहाऱ्याची पाळी एकत्र येते. परवा चढणीवर धाकटी जाऊ म्हणाली, "तुमची भट्टी बंद पाडायला नव्हते हो आले मी."

"माहीत आहे."

"मग का सोडलीत सवलत?"

"खूप विचार केला गं," काकू म्हणाल्या, "पण बरोबर केलं की चुकलं, अजून कळत नाही." आणि दोघी तशाच वर चढत राहिल्या.