येळवशीचं आवतन

ती घटना आजही आठवते, आणि ती पूर्ण सांगायची हिंमत आत्ता होते आहे. नावं लिहीत नाही.

मुखेड भागातल्या एका ठाण्यात मी फौजदार होतो. विहिरीवरची मोटार चोरीला गेल्याची फिर्याद आली. संशय कुणावर, असं विचारलं तर फिर्यादीनं सख्ख्या धाकट्या भावाचं नाव दिलं. पाण्याच्या पाळीवरून दोघांत सहा वर्षं बोलणं नव्हतं.

धाकट्याला बोलावून घेतलं. स्टेशन डायरीत नोंद केली नाही. नुसत्या विचारपुशीला तेव्हा तसं चालायचं. तो एकच सांगत राहिला, "साहेब, त्याच मोटारीवर माझाबी हरभरा भिजतो. मी कशाला नेऊ?" सरळ गोष्ट होती. मला तो उद्धटपणा वाटला. मी कानाखाली मारली. त्या कानानं त्याला पुढं कधी ऐकू आलं नाही.

तिसऱ्या दिवशी खबऱ्यानं टीप दिली. अहमदपूरच्या बाजूला एका भंगारवाल्याकडे पाच मोटारी मिळाल्या. टोळी बाहेरची निघाली. पंचनामा झाला, वरिष्ठांनी पाठ थोपटली. धाकटा कागदोपत्री ठाण्यात आलाच नव्हता, म्हणून मला कुणी काही विचारलं नाही.

त्याच महिन्यात येळवस, म्हणजे वेळ अमावस्या आली. त्या दिवशी अख्खं गाव शेतात जेवतं, वाटेनं जाणाऱ्यालाही हाक मारतात. मी पुरवणी जबाबासाठी गेलो होतो. थोरला धाकट्याच्या शेतातल्या कडब्याच्या कोपीपुढं मान खाली घालून उभा होता. "चुकलं माझं," एवढंच म्हणाला. धाकट्यानं त्याच्यापुढं येळवशीच्या मिसळभाजीचं, भज्जीचं ताट सरकवलं. मग माझ्याकडे बघून म्हणाला, "साहेब, तुमीबी या."

ड्युटीचं कारण सांगून मी जीप फिरवली.

पुढं दर येळवशीला लातूरच्या घरात जीव तिकडे ओढायचा आणि पाय उचलायचा नाही. बायकोलाही कधी सांगितलं नाही.

यंदा गेलो. धाकटा चांगला कान माझ्याकडे करून बसला. मारलं, नोंद केली नाही, सगळं बोललो.

"मी तवाच सोडलं की साहेब. दादासंगं तुमचंबी ताट मांडलं होतं," तो म्हणाला.

थोरला ताक-ज्वारीच्या आंबिलीचा तांब्या पुढं करून हसला, "लई दिवस वाट बघितली आंबिलीनं. आंबट लागली तर बोलू नका."

आयुष्यभर मी लोकांकडून कबुली घेतली. द्यायला किती वेळ लागतो ते या केसनं शिकवलं. थोरल्याला एक बांध ओलांडावा लागला, मला अठरा वर्षं लागली. त्यातली एखादी येळवस तरी परत मिळावी, असं जेवताना सारखं वाटत होतं.