काठी कोण फिरवतं

चंद्रावरून आणलेली माती काचेच्या भांड्यात ठेवली आहे, असं रेडिओवर ऐकलं तेव्हा चावडीसमोर बसलेल्या सगळ्यांनी एकदम वर पाहिलं. चंद्र अजून उगवायचा होता. तरीही पाहिलं.

सोनई आणि घोडेगाव यांच्या मधल्या एका लहान गावात मी तेव्हा शाळामास्तर होतो. वय चोवीस. ग्रामपंचायतीचा रेडिओ माझ्या ताब्यात असे. आठवड्यातून एकदा, दिवेलागणीला, नव्या शोधांचा कार्यक्रम लागायचा. एकाचं हृदय दुसऱ्याच्या छातीत धडधडतं आहे. पाखरं ताऱ्यांकडे बघून समुद्र ओलांडतात. खोलीएवढं यंत्र क्षणात गणितं सोडवतं. आवाज मध्येच लांब जाई, पुन्हा जवळ येई, विहिरीच्या तळाशी कुणी बोलत असावं तसा. कडब्याचा वास, परतणाऱ्या बैलांच्या घंटा आणि तो आवाज. मला वाटायचं, गाव जमिनीपासून वीतभर वर उचललं गेलंय आणि कुणाला ते कळलेलं नाही.

कार्यक्रमात श्रोत्यांचे प्रश्न घेत. आमच्या मंडळींनी ठरवलं होतं, महिन्याला एक कार्ड, पाळीपाळीनं. लिहायचं मी.

एका महिन्यात आबांची पाळी आली. आबा पाणाडी. दोन फाट्यांची ओली काठी दोन्ही मुठींत धरून रानातून चालायचे. काठी जिथे खाली वळेल तिथे विहीर खणायची. साठी उलटलेली, सही म्हणजे अंगठा. शाळेच्या ओट्यावर बसून त्यांनी प्रश्न सांगितला.

"ल्ह्या गुरुजी. चाळीस वर्सं झाली, पान्यावर आलो की काठी फिरती. आता मला एवढंच सांगा, काठी मी फिरवतो का पानी फिरवतं?"

"एवढंच?"

"एवढंच कसं? त्याच्यावर माझी समदी जिंदगी हाय." मग लाजून म्हणाले, "आन् माझं नाव नीट घाला. गावासकट."

मी मान डोलावली. ते गेल्यावर कार्ड पुढ्यात घेऊन बसलो. शोधांच्या कार्यक्रमाला हा असला काठीचा प्रश्न पाठवायचा? काय म्हणतील आपल्याला? आणि खरं सांगायचं तर माझ्या डोक्यात माझाच एक प्रश्न कधीचा घोळत होता. चंद्रावरच्या मातीत बी रुजेल का? मी तो लिहिला. खाली माझं नाव घातलं. आबांच्या पाळीचं कार्ड मी माझ्या नावानं टाकलं.

ते वाचलं गेलं. उत्तर काय दिलं ते मला आठवत नाही. माझं नाव आणि गावाचं नाव तेवढं आठवतं. माणसं उठून उभी राहिली.

"गुरुजी, तुमी गाव चंद्रावर नेलं की!"

"तितं तरी पानी हाय का, इचारा म्हनावं!"

आबांनी माझी पाठ थोपटली. "आन् माझं?"

"माझं कार्ड मागंच टाकलेलं होतं, आबा. तुमचंही येईल."

त्यानंतर दर आठवड्याला ते सगळ्यात पुढे बसू लागले. पाऊस नव्हता. विहिरींचे तळ दिसू लागले होते आणि लोक आबांना लांबलांबहून न्यायला येत. ते म्हणायचे, "जरा थांबा, माझा एक सवाल गेलाय, त्याचं येऊ द्या." मला ते बघवेना. एकदा कार्यक्रमाच्या दिवशीच ते बैल विकायला घोडेगावच्या बाजारात गेले होते. गाव दुष्काळी कामावरून दमून आलेलं, ऐकायला फक्त मी आणि पेंगणारा कोतवाल. दुसऱ्या दिवशी मी सांगून टाकलं, "आबा, काल तुमचं उत्तर आलं."

"नाव घेतलं?"

"घेतलं."

"नीट?"

"नीट."

"मग काय म्हनले?"

इथवर मी विचारच केला नव्हता. तोंडाला आलं ते बोललो. "म्हणाले, काठी पाणी फिरवत नाही. मनगट फिरवतं. माणसाला कळत नाही, पण मनगटच."

आबा स्वतःच्या मनगटाकडे बघत राहिले. रागावले असते तर बरं झालं असतं.

चार दिवसांनी ते शाळा सुटायच्या वेळेला आले. खांद्यावर धुतलेलं उपरणं. "चला गुरुजी, माझं डोळं बांधा."

पडीक रानात मी त्यांचे डोळे बांधले. ते काठी धरून चालले. काठी वळली, तिथे मी दगड ठेवला. त्यांना दोनदा गोल फिरवून पुन्हा चालवलं. काठी वळली, पण भलतीकडेच. सूर्य मावळेपर्यंत आम्ही हेच करत होतो. शेवटी त्यांनी उपरणं सोडलं आणि रानभर विखुरलेले दगड पाहिले. कुठलेही दोन एकमेकांजवळ नव्हते.

"खरं बोलला रेडिओ," ते हळू म्हणाले. "मग मला पानी लागायचं ते डोळ्यांनी. उंबर, वारूळ, मातीचा रंग बघून. मलाच ठावं न्हवतं." आणि पुढे, "ल्ह्या त्यान्ला. मी तपासलं म्हनावं."

मी कार्ड लिहिलं. डोळे बांधल्याचं, दगडांचं, सगळं. त्या काळात आमच्या गावात लागलेला तो एकच शोध, आणि तो एका अंगठेबहाद्दरानं लावला होता. पण ज्यांच्याकडे प्रश्नच पोचला नाही, त्यांना उत्तर तपासल्याचं काय कळवणार? त्यांनी जाहीर विचारलं असतं, हा कुठला प्रश्न? मी कार्ड टाकलं नाही.

आबा मग काठीशिवाय जाऊ लागले. लोक हसायचे. "आबा, हत्यार घरी इसरलं व्हय?" ते खरं ते सांगायचे. काठी नसलेला पाणाडी कुणाला नको होता. हळूहळू बोलावणी खर्ड्याकडच्या दुसऱ्या माणसाला जाऊ लागली. आबांनी त्याबद्दल रेडिओला कधी दोष दिला नाही. ते पुढेच बसत, चंद्राचं आणि पाखरांचं ऐकत, दोन बातम्यांच्या मधल्या शांततेत, आपलं कार्ड लागतंय का म्हणून, मान जरा वर करत.

माझी बदली झाली तेव्हा ते एसटीपर्यंत आले. आज सांगायचंच, असं ठरवून मी निघालो होतो. ते न टाकलेलं कार्ड खिशात होतं.

खिडकीशी येऊन ते म्हणाले, "तिकडं बी रेडिओ असंल ना गुरुजी? कान ठेवा. माझं लागलं तर कळवा."

"कळवतो, आबा," मी म्हणालो.